धाकट्या बंदुकीचे मालक

आमचे घरमालक जागा दाखवायच्या आधी माणसाची मान बघत. मग खांदा, मग कोपरापासून बोटापर्यंतचा हात. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या त्यांच्या घरी मी दवाखान्यासाठी जागा बघायला गेले, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पांढरा बुशशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, असा एक शिडशिडीत म्हातारा दारात उभा राहून माझ्या गळ्याकडे एकटक बघतोय, एवढंच मला दिसलं. मी ओढणी सारखी केली आणि परत फिरायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला.

"अहो, आधी बाईला बसायला तर सांगा! माप नंतर काढा!"

"बसा, बसा," ते म्हणाले. "तुम्हाला डावा डोळा एकटा मिटता येतो का?"

मी दातांची डॉक्टर. माणसं माझ्यासमोर तोंड उघडून वाट्टेल ते बोलायचा प्रयत्न करतात, त्यामुळे विचित्र प्रश्नांनी मी गडबडत नाही. मी डावा डोळा मिटून दाखवला. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पुढच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याआधी किती जणांना त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं, ते काकूंनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्यात एक चष्म्याचा दुकानदार होता, एक शिवणकामाचा क्लास होता. "मान आखूड निघाली बिचाऱ्यांची," काकू म्हणाल्या.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी अजून त्याच खोलीत बसते, आणि नवा पेशंट आला की माझीही नजर आधी त्याच्या मानेकडे जाते. हा रोग मला त्यांच्याकडून लागला आणि तो बरा व्हावा असं मला वाटत नाही.

ते माप अर्थातच बंदुकीचं होतं. ग्वाल्हेरात बंदूक ही काही नवलाची वस्तू नाही. इथे बँकेच्या रांगेत पुढच्याच्या खांद्याला बंदूक असते, वरातीत असते, आणि मुरैना-भिंडकडचा पाहुणा बंदुकीशिवाय आला तर घरचे त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. पण त्या बंदुका मिरवायच्या. काकांच्या तीन बंदुका निराळ्या होत्या. तिन्ही दुनळी, तिन्ही शिकारीच्या, तिन्ही फ्रान्समधल्या सेंट एतियेन गावी शंभरेक वर्षांपूर्वी घडवलेल्या. काका त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. खरी मुलगी एकच, ती पुण्यात. त्यामुळे माधवगंजपासून सराफ्यापर्यंत सगळे त्यांना "चार मुलींचा बाप" म्हणून चिडवत आणि ते बिलकुल चिडत नसत.

थोरलीच्या नळ्यांवर पोलादातच वेलबुट्टी उमटलेली होती, पाण्यावर तेल पसरावं तशी. मधली इतर दुनळींसारखी नळी खाली वाकवून उघडायची नाही. तिचा पाठीमागचा भाग कडीसारखा मागे सरकायचा. आणि धाकटी दिसायला सगळ्यांत साधी, पण तिच्या दस्त्याच्या पोटात कातड्याचा पट्टा गुंडाळून बसवलेला होता. खालचं बटण धरून ओढला की पट्टा बाहेर यायचा, खांद्याला अडकवायचा, आणि काम झालं की आपोआप आत जायचा. म्हणजे जायचा असं ऐकून होतो. काका तो कोणासमोर कधी ओढून दाखवत नसत.

"आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, जुनी आहे," ते म्हणत. "पट्टा तमाशा म्हणून नाही ओढायचा. जो चालणार आहे, त्यानेच ओढायचा."

काकांचे आजोबा दरबारच्या शस्त्रागारात नोकरीला होते. सरदार नव्हते, आणि काका ते कोणाला विसरू देत नसत. एकदा इतिहासाचे एक प्राध्यापक माझ्याकडे दाढ भरायला आले होते. दाराशी काका आणि त्यांच्या हातात मधली दिसल्यावर ते खुर्चीतूनच भाषण द्यायला लागले, की मराठ्यांच्या फौजेत फ्रेंच अफसर होते, ही त्यांचीच निशाणी असणार. मी त्यांच्या तोंडात कापूस घातला, आणि काकांनी संधी साधली.

"प्रोफेसरसाहेब, त्यांच्या बंदुका तोंडातून भरायच्या. माझ्या मागून भरतात. मधे शंभर वर्षं गेली. ही आजोबांनी मुंबईच्या दुकानातून घेतली, आपल्या पगारातून. तुम्ही हिला जबरदस्ती खानदानी करू नका, ती लाजते."

प्राध्यापकांना बोलता येत नव्हतं. काकांना असेच श्रोते आवडत.

आजोबांनी इंग्रजी सोडून फ्रेंच बंदूक का घेतली, हा काकांचा सगळ्यांत लाडका विषय. "इंग्रजी बंदूक साहेबाची," ते सांगत. "साहेब पुढे हात हलवत चालणार, बंदूक मागून नोकर उचलून आणणार. मग वजनाची फिकर कोण करणार? फ्रेंच माणूस इतवारी स्वतःच निघायचा. दिवसभर झाडीतून पायी. मिळालं एखादं तितर तर मिळालं. म्हणून ही हलकी, म्हणून पट्टा पोटात. ज्याच्यामागे चालायला कोणी नाही, त्याची ही बंदूक आहे डॉक्टर."

मी एकदा सरळ विचारलं, "तुम्ही कधी काही मारलंत?"

"एक भोपळा," ते म्हणाले. "आजोबांचाही नेम खराब होता. पण चालायचे काय! मी लहान असताना त्यांच्या मागे मागे जायचो. पूर्ण रस्ता मला फक्त त्यांची पाठ आणि ही धाकटी दिसायची. अशी झुलायची की वाटायचं, तीही चालते आहे."

शिकार तर केव्हाच बंद झाली. त्यामुळे काका रोज सकाळी मागच्या अंगणात रिकामी बंदूक खांद्याला लावून उडत्या पारव्यांमागे नुसती नळी फिरवत. पारव्यांना त्यांची इतकी ओळख झाली होती की ते नळीच्या रोखाने येऊन कठड्यावर बसत. माझ्या खुर्चीवरून मागच्या खिडकीतून ते अंगण दिसतं. एका पेशंटने तो प्रकार बघितला आणि मला विचारलं, "मॅडम, ये कौन हैं?" मी म्हटलं, मकानमालिक. त्याची दाढ त्याच क्षणी दुखायची थांबली आणि तो उठून गेला. मी काकांवर अशी तापले की दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीला स्वतःच्या हाताने पडदा लावला, तोही मापाने अगदी बिनचूक. नगरपालिकेत त्यांनी नोकरीभर शहराचे नकाशे काढले होते.

आमची खरी दोस्ती झाली ती माझा तोंडात घालायचा छोटा आरसा हरवला तेव्हा. शोधत मागे गेले, तर काका धाकटीच्या नळीत तो घालून टॉर्चच्या उजेडात बघत बसलेले. "कीड बघून राहिलोय," ते म्हणाले. "कमाल चीज आहे डॉक्टर! तुमचं आणि माझं काम एकच आहे." मी कपाळाला हात लावला. पण मीही वाकून बघितलं. आतून ती नळी इतकी स्वच्छ आणि गुळगुळीत होती, की असा एक जरी दात मला रोज बघायला मिळाला तर मी खूश असते. त्या दिवशी मला त्यांच्या वेडाची चव कळली. आरसा मी त्यांना देऊन टाकला.

दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची. पाटावर तिघी, झेंडूचे हार, आपट्याची पानं. पण ओलं हळदकुंकू लोखंडाला लागता कामा नये, गंज धरतो, हा काकांचा हुकूम. दरवर्षी गुरुजी बोट पुढे करत आणि दरवर्षी काका मधे हात घालत. शेवटी कुंकू पाटाला लागायचं. काकू म्हणायच्या, "माझ्या बांगड्या उघड्या फडताळात, आणि ह्यांना तीन कुलुपं. मागच्या जन्मी मी बंदूक होऊन यायला पाहिजे होतं."

"मागच्या नाही, पुढच्या," काका म्हणायचे.

"पुढच्या जन्मी मी तुमच्या हाती लागत नाही!"

काकांना जगात एकाच गोष्टीची दहशत होती, ती म्हणजे ठाण्याचा मालखाना. निवडणूक आली की लायसन्सच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. काका त्या फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून नेत आणि मग आजारी नातेवाइकाला भेटावं तसे रोज संध्याकाळी ठाण्यात जात. हवालदार वैतागून म्हणे, "बाबूजी, ये भी खाना खा रही हैं, आप भी घर जाके खाइए." एका पावसाळ्यात निवडणूक लांबली, आणि मधली परत आली तेव्हा तिच्या नळीवर तांबूस डाग पडला होता. काका दोन दिवस जेवले नाहीत. माझ्याकडून मऊ ब्रश घेऊन गेले आणि अंगणात बसून तो डाग घासत राहिले, पण तो पूर्ण गेला नाही. त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि मग कायदा बदलला. एका माणसाच्या नावावर आता दोनच बंदुका. तिसरी वर्षभरात दुसऱ्या लायसन्सवाल्याच्या नावे करा, नाहीतर जमा करा. जमा म्हणजे कायमची.

सगळ्यांना वाटलं, काका सगळ्यांत साधी ती धाकटी काढतील. काढली त्यांनी धाकटीच, पण कारण उलटं होतं. "थोरलीला कोणीही सांभाळेल, तिची वेलबुट्टी बघून," ते मला म्हणाले. "मधलीचा खटका बघून लोक खूश होतात. धाकटीत बघण्यासारखं काही नाही. माझ्यामागे ती पहिली मालखान्यात जाईल. तिचं मला माझ्या डोळ्यांसमोर करून द्यायचं आहे."

मुलीला फोन झाला. ती म्हणाली, "बाबा, आमच्या सोसायटीत कुत्रा पाळायलाही मीटिंग लागते!" मग धाकटीला स्थळं यायला लागली. मी चेष्टेने म्हणत नाही. काकू खरोखरच पोहे करायच्या. एक हॉटेलवाले आले. त्यांना धाकटी जेवणघराच्या भिंतीवर टांगायची होती. काकांनी विचारलं, रोज तेल कोण लावणार? ते म्हणाले, वार्निश मार देंगे. पोहे पुरे व्हायच्या आत त्यांना दार दाखवलं गेलं.

पण बहुतेक जण काकांच्या एकाच परीक्षेत नापास होत. ती परीक्षा मी अनेकदा पाहिली. सगळ्यांत लक्षात राहिले ते एक ठेकेदार, मिशा कानापर्यंत, मागे दोन माणसं. लायसन्स होतं, हौस होती, मुलाच्या लग्नात दोन बार काढायचे होते. काडतूस ते स्वतःच घेऊन आले होते. काकांनी धाकटी उघडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "डालिए."

ठेकेदारांनी काडतूस नळीत सारलं. ते सुळकन आत गेलं. बंदूक नीट मिटली.

"देखा बाबूजी, एकदम फिट!"

काकांनी शांतपणे बंदूक परत घेतली, काडतूस काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "गया ना अंदर? सबका जाता है," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून मराठीत बोलले, कारण रागावले की ते मराठीत येत. "डॉक्टर, आत गेलं म्हणजे बसलं असं नसतं. आजचं कारतूस लंबं असतं. मिटलेलं असतं तोवर मावतं. सुटताना त्याचं तोंड पुढे उलगडतं, आणि ह्या जुन्या नळीत त्या उलगडण्याला जागा नाही. एक बार सोसेल, दोन सोसेल, मग एके दिवशी नळी फाटेल आणि नवऱ्यामुलाचा हात जाईल. ह्यांनी विचारलं का, की हिला कोणतं चालतं? कोणीच विचारत नाही."

ठेकेदारांना अक्षरही समजलं नव्हतं, पण नकार समजला. "बाबूजी, थाने में सड़ेगी," जाताना ते म्हणाले.

वर्ष संपत आलं. धाकटी तशीच कपाटात. काका अंगणात बंदूक खांद्याला लावायचे बंद झाले, पारवे कठड्यावर उगाच बसून असायचे. काकूंनीही टोमणे मारणं सोडलं, आणि तेव्हा मला खरी काळजी वाटली.

एका सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी काका दवाखान्यात आले आणि सरळ खुर्चीत बसले. मला वाटलं, दाढ. मी दिवा ओढला.

"दात ठीक आहेत," ते म्हणाले. "तुम्ही लायसन्स काढा. धाकटी तुम्ही घ्या."

"काका, मी दिवाळीत फटाक्यांनाही कान झाकते!"

"ती फटाका नाही. आणि माप तर तुमचं पहिल्याच दिवशी जमलं होतं. दस्ता जसा तुमच्यासाठीच कापलाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? त्या ठेकेदाराला पोहे कशाला घातले?"

"माप जमलं म्हणजे जमलं असं नसतं," ते म्हणाले. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मागच्या हफ्त्यात तुमच्याकडे एक बाई आल्या होत्या. दातावर टोपी बसवत होता तुम्ही. त्या म्हणाल्या, बैठ गई डॉक्टर, जाने दो, मुझे शादी में जाना है. तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवलं. त्या बाई नातेवाईक घेऊन आल्या होत्या, भांडायला उठल्या होत्या. मी ती टोपी काढून घेतली होती आणि म्हणाले होते, "अंदर जाना और बैठना अलग बात है. चार दिन में जबड़ा दुखेगा. नई बनेगी." त्या चिडून निघून गेल्या, आणि चार दिवसांनी मुकाट्याने परत आल्या.

"मी पडद्याच्या मागे तेल लावून राहिलो होतो," काका म्हणाले. "हातातलं फडकं तसंच राहिलं माझ्या. इतके लोक आले, सगळे आत घालून मोकळे. आत गेलेलं परत काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्यातून "अर्ज कुठे करायचा?" एवढंच निघालं. मला इतका अभिमान वाटला, की डिग्री मिळाली तेव्हाही वाटला नव्हता. घरी सांगितलं तेव्हा नवरा हसत सुटला आणि थाटीपूरला राहणाऱ्या माझ्या आईने देव पाण्यात घातले. मी दोघांनाही दाद दिली नाही.

मग अर्ज, तपासणी, बंदूक हाताळायचं शिक्षण, आणि शेवटी कलेक्टोरेटमधला एक अफसर. टेबलापलीकडून त्याने मला निरखून बघितलं. दातांची डॉक्टर, बाई, ना जमिनीचा तंटा, ना कोणाशी वैर.

"मॅडम, आपको जान का ख़तरा है?"

"मुझे नहीं, साब," मी म्हणाले. "बंदूक को है."

त्याने पेन खाली ठेवलं. मग मी त्याला धाकटीबद्दल सांगायला लागले: नळी, लांबी, पट्टा, मालखान्यातला गंज, सगळं. माझ्याच कानांना ऐकू आलं, की मी काकांसारखी बोलते आहे. मुदत संपायच्या आठवड्यात लायसन्स आलं. ते ऐकून पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना जमतं तर मला का नाही?" थोरली आणि मधली आज तिच्या नावावर आहेत. सोसायटीत काय सांगितलं, देव जाणे.

ठाण्यात नोंद करायला जायच्या सकाळी मी रिक्षा बोलवायला निघाले. काकांनी हात धरला. "पायी," ते म्हणाले. त्यांनी धाकटी माझ्या हातात दिली. रिकामी, तेलाचा मंद वास येणारी. मी खांद्याला लावून बघितली. काका जगातल्या प्रत्येकाच्या उभं राहण्यात खोड काढत; मी वाट बघत होते. त्यांनी मान हलवली, पहिल्या दिवशी हलवली होती तशीच.

"पट्टा ओढा," मग म्हणाले.

मी बटण धरलं आणि ओढलं. पट्टा जरा अडला. काकूंनी डोळे मिटले. मग आतली कमान कुरकुरली आणि काळपट कातडं हळूच बाहेर आलं, जागोजागी झिजलेलं, पण शाबूत. मी तो खांद्यावर घेतला. धाकटी पाठीला टेकली आणि मला तिचं वजन जाणवेनासं झालं.

आम्ही निघालो. खासगी बाजार जागा होत होता. पोहे-जलेबीवाल्याचा झारा हवेत थांबला. "डॉक्टर साहब, किसको मारने चलीं?" कोणीतरी ओरडलं. मी छाती काढून चालत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं, काका बरोबर नाहीत. वळून बघितलं, तर ते चार पावलं मागून येत होते. कॅनव्हासचे बूट, हात पाठीमागे बांधलेले.

"काका, पुढे या ना. माझ्यामागे नोकरासारखे काय चालता? तुमचीच बंदूक आहे."

"तुम्ही चालत राहा," ते म्हणाले. "माझ्या नावावर होती तेव्हा ती माझ्याच पाठीवर असायची. स्वतःच्या पाठीवरचं कुठे दिसतं? आजोबा गेल्यापासून मी हिला चालताना बघितलंच नाही."

मी पुढे वळले आणि चालायला लागले, जरा सावकाश, पाठ ताठ ठेवून. चौक आला. ठाण्याचा जवळचा रस्ता डावीकडे होता. मी उजवीकडे, लांबच्या रस्त्याला वळले. मागून कॅनव्हासच्या बुटांची पावलं तशीच येत राहिली, आणि काकांनी, ज्यांनी जन्मभर ह्या शहरातली गल्लीन् गल्ली कागदावर मापली होती, इकडून कशाला म्हणून विचारलं नाही.